रत्नागिरीच्या दमट हवेत एसएमडी सोल्डरिंग: घरी बनवलेली हॉटप्लेट

नवे सेन्सर आणि आयसी आता बहुतेक एसएमडी (बोर्डाच्या पृष्ठभागावर जोडायच्या) रूपातच मिळतात. ०६०३ मापाचा रेझिस्टर जेमतेम १.६ मि.मी. लांब असतो. क्यूएफएन आयसीचा मधला पॅड तर आयसीच्या पोटाखाली, तिथे सोल्डरिंग आयर्नचे टोक पोहोचतच नाही. हॉटप्लेट अख्खा बोर्ड खालून तापवते आणि सगळे जोड एकदम होतात. ती घरी बनवता येते. रत्नागिरीत मात्र विजेइतकाच हवेतल्या ओलाव्याचाही विचार करावा लागतो.

प्लेट आणि हीटर

१०० मि.मी. लांब-रुंद आणि १२ मि.मी. जाड ॲल्युमिनियमची प्लेट छोट्या बोर्डांना पुरते. तिचे वजन सुमारे ३२५ ग्रॅम. ती ३० वरून २२० अंश सेल्सिअसवर न्यायला साधारण ५५ किलोज्यूल उष्णता लागते. १०० वॅटचे चार कार्ट्रिज हीटर हे काम हिशेबाने सव्वादोन मिनिटांत करतात; हवेत जाणारी उष्णता धरली तर थोडा वेळ जास्त. हीटरची भोके मिरजोळे एमआयडीसीसारख्या ठिकाणच्या वर्कशॉपमधून नेमक्या मापाची पाडून घ्यावीत. भोक सैल राहिले तर उष्णता प्लेटमध्ये उतरत नाही आणि हीटरच जळतो.

तापमानावर लगाम

प्लेटमध्ये के-टाइप थर्मोकपल, तो वाचायला मॅक्स ६६७५ चिप, हिशेबाला आर्डुइनो आणि हीटर चालू-बंद करायला हीटसिंकवर बसवलेला एसएसआर (सॉलिड-स्टेट रिले), एवढी सामग्री पुरते. एसएसआर बिघडला की बहुधा शॉर्ट होतो, म्हणजे हीटर चालूच राहतो. म्हणून २५० अंशांच्या आसपास वीज तोडणारा स्वतंत्र थर्मल कटआउट हीटरच्या लाइनमध्ये हवाच. प्लेटला पक्के अर्थिंग आणि मागे गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, यात तडजोड नको. २३० व्होल्टची जोडणी जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावी.

चार टप्पे

६३/३७ कथील-शिशाचे सोल्डर १८३ अंशांना वितळते. आधी सेकंदाला एक-दीड अंश या वेगाने १५० पर्यंत जावे. मग दीडेक मिनिट १५० ते १७५ मध्ये ठेवावे, म्हणजे फ्लक्स काम करतो. नंतर २१० ते २२० गाठावे आणि लगेच उतरावे. १८३ च्या वर एकूण मिनिटभर पुरे. या टप्प्यावर पॅडवर लावलेली राखाडी सोल्डर पेस्ट एकदम चकाकते आणि किंचित तिरका बसलेला रेझिस्टर पृष्ठताणाने आपोआप सरळ होतो. तो सरकला की बोर्डाला हात लावू नये.

पावसाळ्यातली काळजी

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मि.मी.हून अधिक पाऊस पडतो. फ्रिजमधून काढलेली पेस्टची डबी लगेच उघडली, तर थंड पेस्टवर दव धरते. तापताना ते पाणी उडते आणि पॅडभोवती सोल्डरचे बारीक गोळे विखुरतात. डबी काही तास बंदच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. उघड्यावर राहिलेल्या आयसीच्या प्लास्टिकमध्ये मुरलेल्या ओलाव्याची वाफ होऊन आयसी आतून तडकू शकतो. आयसी सिलिका जेलसह हवाबंद पिशवीत ठेवावेत. कार्ट्रिज हीटरमधली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूडही ओल शोषते. बरेच दिवस बंद असलेल्या प्लेटने आरसीसीबी पडला, तर आरसीसीबी वगळून प्लेट चालवू नये. हीटर सुकवून मेगरने इन्सुलेशन तपासावे.

मर्यादा आणि मोल

हॉटप्लेटवर बोर्डाची एकच बाजू नीट होते. दुसऱ्या बाजूचे मोजके भाग हाताने जोडावे लागतात. शिशाची पेस्ट खाण्याच्या पदार्थांच्या फ्रिजमध्ये ठेवू नये, काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत आणि धूर बाहेर टाकणारा पंखा चालू असावा.

असे साधन स्वतः बनवण्याचे खरे मोल शिकण्यात आहे. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून हाताने काम करत शिकण्याची रीत रुजवली. पुढे अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने तिथे फॅब लॅब उभी राहिली. रत्नागिरीच्या पॉलिटेक्निकमधल्या मुलांनी स्वतः हॉटप्लेट बनवली, तर उष्णतेचे गणित, नियंत्रण आणि विजेची सुरक्षितता हे तीन धडे त्यांना एकाच कामातून मिळतील. शिवाय पुढच्या प्रत्येक प्रोजेक्टचा बोर्ड त्यांना गावातच जोडता येईल.