शंभर कोटींचा संकल्प

हिंगोली जिल्ह्यातल्या कयाधूकाठच्या नरसीने आपल्या नावापुढे ‘नामदेव’ जोडून घेतले आहे. संत नामदेवांचे (१२७०–१३५०) हे जन्मगाव मानले जाते. त्यांचा संकल्प मात्र गावात सोडा, जिल्ह्यातही मावायचा नाही: विठ्ठलाचे शतकोटी अभंग करायचे. वाल्मीकीचे रामायण शतकोटी असल्याची परंपरा होतीच. मग पंढरीच्या विठोबाला कमी का?

आता जरा आकडेमोड. ऐंशी वर्षांचे आयुष्य म्हणजे सुमारे २५२ कोटी सेकंद. पाळण्यातून सुरुवात करून, न झोपता, न जेवता, दर अडीच सेकंदांना एक अभंग हातावेगळा करावा लागला असता. तेवढ्यात नाममुद्रासुद्धा नीट उमटायची नाही.

मोठ्या अभंगाच्या कडव्यात ६-६-६-४ अशी २२ अक्षरे. चारच कडवी धरली तरी अभंगाला ८८, म्हणजे एकूण ८,८०० कोटी. पानावर हजार अक्षरे, कागद पाठपोट लिहिलेला, जाडी ०.१ मिलिमीटर, असा हिशेब केला तर चळत ४.४ किलोमीटर चढते. कळसूबाई १,६४६ मीटर. दोन कळसूबाया एकीवर एक ठेवल्या तरी वर किलोमीटरभर कागद उरतो. आणि हे सगळे भजनात म्हणायचे झाले? अभंगाला पाच मिनिटे धरा: अखंड साडेनऊ हजार वर्षे. पखवाज्याचे काय होईल ते विचारू नका!

गंमत अशी की हे एकट्याचे काम नव्हे, याची जाण कथेलाही आहे. म्हणून ती सारे घर कामाला लावते. वडील दामाशेटी, आई गोणाई, बायको राजाई. नारा, विठा, गोंदा, महादा हे मुलगे. लाडाई, गोडाई, येसाई, साखराई या सुना. बहीण आऊबाई, लेक लिंबाई आणि दासी जनी. नामदेव धरून पंधरा. सगळे ऐंशी-ऐंशी वर्षे जगले असे मानले तरी प्रत्येकाला अभंगामागे ३८ सेकंद मिळतात. तेही पुरेनात, तेव्हा कथा उरलेली बाकी पुढे ओढते, ती थेट १६०८ साली जन्मलेल्या तुकोबांच्या खात्यावर! नामदेव विठ्ठलाला घेऊन स्वप्नात येतात आणि राहिलेले अभंग पुरे करायला सांगतात.

  

हाती किती उरले? नामदेवांच्या गाथेत दोन-अडीच हजार अभंग, म्हणजे संकल्पातल्या चार लाखांमागे जेमतेम एक. शिवाय गुरू ग्रंथ साहिबमध्ये ६१ पदे, आणि ती पंजाबात आजही गायली जातात. तुकोबांच्या गाथेचे साडेचार हजार मिळवले तरी शंभर कोटींपुढे ही चिल्लरच. मला मात्र जनाबाईंचा वाटा मोठा वाटतो. दळणकांडण सांभाळणाऱ्या या दासीच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. त्या घरात नामदेवांखालोखाल तिचाच आकडा.