वसई तालुक्यातील स्वयंसेवी संस्थांचे नेतृत्व व उद्दिष्टनिश्चिती

स्वयंसेवी सेवासंस्था म्हणजे सभासदांनी वेतनाची वा नफ्याची अपेक्षा न ठेवता लोकहितासाठी चालवलेली संस्था होय. अशा संस्थेत पदाधिकाऱ्याच्या हाती पगार, बढती किंवा शिक्षा यांपैकी काहीही नसते. नाराज झालेला कार्यकर्ता बहुधा राजीनामा देत नाही, तो यायचा थांबतो. त्यामुळे नेतृत्वाचा आधार अधिकारापेक्षा विश्वासावर असतो आणि कार्यकर्त्यांना एकत्र ठेवण्याचे काम सर्वांनी मान्य केलेले उद्दिष्ट करते. पालघर जिल्ह्यातील वसई तालुक्यात १९८० च्या दशकापासून वेठबिगारमुक्ती, हरित पट्ट्याचे रक्षण आणि गावांचे स्वतंत्र अस्तित्व या प्रश्नांवर लोकसंघटन उभे राहिले. या तिन्ही प्रयत्नांत उद्दिष्ट ठरवण्याची रीत वेगवेगळी होती व तिचे परिणामही वेगवेगळे झाले.

पार्श्वभूमी

तालुक्याच्या पश्चिमेस अरबी समुद्र, दक्षिणेस वसईची खाडी आणि पूर्वेस तुंगारेश्वरची डोंगररांग आहे. मुंबईकडून येताना भाईंदरनंतर खाडी ओलांडली की पश्चिम रेल्वेचे पहिले स्थानक नायगाव लागते. नायगाव, उमेळे व जूचंद्र या परिसरात मिठागरे, खारजमिनी आणि आगरी-कोळी वस्ती आहे. रांगोळी कलाकारांचे गाव म्हणून जूचंद्रची ओळख आहे. पश्चिम पट्ट्यात विहिरींच्या पाण्यावर केळी, विड्याची पाने, फुले व भाजीपाला पिकवणारी बागायत होती. पूर्व पट्ट्यात वारली, कातकरी आदी आदिवासी समाज राहतो.

रेल्वेमुळे मुंबईत राहणे न परवडणाऱ्या कुटुंबांची वस्ती येथे झपाट्याने वाढली. १९९० मध्ये राज्य शासनाने वसई-विरार उपप्रदेशासाठी सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमले. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा व लगतची गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याच्या विभाजनानंतर तालुका पालघर जिल्ह्यात आला. एकाच तालुक्यात बागायतदार, मिठागर कामगार, आदिवासी मजूर आणि नवे सदनिकाधारक यांचे हितसंबंध भिन्न असल्याने ‘लोकहित’ म्हणजे नेमके कोणाचे हित, हा प्रश्न येथील प्रत्येक संघटनेपुढे उभा राहिला.

कायदेशीर चौकट

महाराष्ट्रात अशा संस्थांची नोंदणी सामान्यतः संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० यांखाली होते. पहिल्या कायद्यानुसार किमान सात व्यक्ती एकत्र येऊन संस्था स्थापू शकतात. त्यांना संस्थेची उद्दिष्टे घटनापत्रात नमूद करावी लागतात. ती बदलण्याचा प्रस्ताव विशेष सभेत तीन-पंचमांश मतांनी संमत व्हावा लागतो आणि एक महिन्याच्या अंतराने होणाऱ्या दुसऱ्या सभेत तितक्याच बहुमताने कायम व्हावा लागतो. दुसऱ्या कायद्यानुसार विश्वस्त बदलल्यास धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत फेरफार अहवाल सादर करणे बंधनकारक असते.

घटनापत्रातील उद्दिष्टे मुद्दाम व्यापक लिहिली जातात. वर्षभरात काय करायचे, हे त्यांवरून ठरत नाही. ते ठरवणे कार्यकारिणीचे आणि सर्वसाधारण सभेचे काम असते. व्यवस्थापनशास्त्रात पीटर ड्रकर यांनी १९५४ मध्ये उद्दिष्टानुसार व्यवस्थापनाची कल्पना मांडली. पुढे एडविन लॉक व गॅरी लॅथम यांच्या संशोधनातून असे दिसले की ‘जमेल तेवढे करा’ या सूचनेपेक्षा नेमके व काहीसे अवघड उद्दिष्ट दिल्यास काम अधिक होते. मात्र काम करणाऱ्याने ते उद्दिष्ट स्वीकारलेले असावे लागते. वेतनाचे बंधन नसलेल्या संस्थेत ही अट अधिकच महत्त्वाची ठरते.

वेठबिगारमुक्तीचे कार्य

विवेक पंडित व विद्युल्लता पंडित यांनी विधायक संसद आणि श्रमजीवी संघटना यांच्या माध्यमातून तालुक्याच्या पूर्व पट्ट्यात काम सुरू केले. उसगाव हे त्यांचे केंद्र झाले. लग्नासाठी वा सणासाठी घेतलेल्या कर्जापोटी आदिवासी कुटुंबे मालकाकडे वर्षानुवर्षे राबत होती. वेठबिगार पद्धती नष्ट करणारा कायदा १९७६ पासून अस्तित्वात होता. त्यानुसार वेठबिगारीचे कर्ज फेडण्याचे दायित्व संपुष्टात येते आणि अंमलबजावणीची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर असते.

‘शोषण थांबवणे’ हे व्यापक ध्येय येथे मोजता येण्याजोग्या टप्प्यांत आले : मजुराचा जबाब नोंदवणे, शासकीय चौकशी, मुक्ततेचा दाखला व पुनर्वसन. प्रत्येक टप्प्याला निश्चित कागद व निश्चित उत्तरदायी अधिकारी होता. त्यामुळे काम कोठे अडले, हे निरक्षर सभासदालाही कळू शकत होते. वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी सुरू झालेल्या ‘भोंगाशाळा’ हा याच कामाचा पुढचा भाग होय. पंडित दांपत्याला १९९९ मध्ये अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनल या संस्थेचा पुरस्कार मिळाला.

हरित वसई संरक्षण समिती

१९८० च्या दशकाच्या अखेरीस पश्चिम पट्ट्यातील बागायती जमिनी बांधकामासाठी खुल्या होऊ लागल्या आणि विहिरींचे गोडे पाणी टँकरने बाहेर जाऊ लागले. समुद्रकाठच्या भागात उपसा वाढला की गोड्या पाण्याची पातळी खाली जाते व खारे पाणी आत शिरते. हे नुकसान सहजासहजी भरून येत नाही. या परिस्थितीत हरित वसई संरक्षण समितीने लोकांना संघटित केले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे तिचे अग्रणी होते. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक व लेखक म्हणून ते परिचित होते. २०२० मध्ये उस्मानाबाद येथे झालेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले.

समितीचे उद्दिष्ट ‘रक्षण’ हे होते. अशा उद्दिष्टाला अंतिम तारीख नसते. यश म्हणजे काहीतरी न घडणे, आणि न घडलेली गोष्ट लोकांना दाखवता येत नाही. मोर्चाला जमलेला समुदाय पुढील अनेक वर्षे कार्यरत ठेवणे त्यामुळे कठीण असते. शिवाय बागायतदारांचेही एकमत गृहीत धरता येत नाही. जमिनीला मिळणारा भाव काही कुटुंबांच्या दृष्टीने मुलांच्या शिक्षणाचा व घराचा आधार होता.

गावे वगळण्याचे आंदोलन

महानगरपालिका स्थापन झाल्यावर ग्रामपंचायती टिकाव्यात, यासाठी अनेक गावांतून आंदोलन झाले. येथे उद्दिष्ट एका वाक्यात सांगता येत होते, त्यामुळे निरनिराळ्या समाजांचे लोक एकत्र आले. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत विवेक पंडित वसईतून अपक्ष निवडून आले आणि २०११ मध्ये राज्य शासनाने २९ गावे वगळण्याचा निर्णय घेतला. या निर्णयाला न्यायालयात आव्हान दिले गेले व प्रश्न दीर्घकाळ प्रलंबित राहिला. उद्दिष्ट स्पष्ट असले, तरी ते पूर्ण करणे सर्वस्वी दुसऱ्याच्या निर्णयावर अवलंबून असल्यास संघटनेला प्रतीक्षेच्या काळासाठी स्वतःच्या हातातील वेगळे काम ठरवावे लागते.

नेतृत्वाचे सातत्य

तिन्ही उदाहरणांत चळवळीची ओळख एखाद्या व्यक्तीशी जोडली गेली. प्रभावी व्यक्तीमुळे लोक लवकर जमतात. परंतु हिशेब, पत्रव्यवहार व शासकीय संपर्क तिच्याकडेच राहिल्यास पुढील पिढी घडत नाही. रॉबर्ट मायकेल्स यांनी १९११ मध्येच दाखवून दिले होते की लोकशाही तत्त्वावर उभ्या राहिलेल्या संघटनांतही सत्ता मोजक्या हाती एकवटण्याची प्रवृत्ती असते. पदांची ठरावीक मुदत, सहकारी पदाधिकाऱ्याची आधीच केलेली निवड, खुला हिशेब आणि वार्षिक सभेत मागील उद्दिष्टांचा आढावा हे त्यावरील रूढ उपाय आहेत.

जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत वसईतील मिठागर वस्तीत सुमारे ४०० लोक पाण्याने वेढले गेले. आपत्तीत उद्दिष्ट समोरच असते आणि मदतीला हातही पुष्कळ येतात. पाणी ओसरल्यानंतर नाले, खारजमिनी व निचऱ्याचे मार्ग यांवर वर्षभर लक्ष ठेवण्याचे काम मात्र थोड्यांवर येते. नायगावसारख्या झपाट्याने नागरी होत असलेल्या परिसरात जुने ग्रामस्थ व नवे रहिवासी यांना मान्य होईल असे एक छोटे, मोजता येणारे उद्दिष्ट ठरवणे, हे स्वयंसेवी नेतृत्वापुढील प्रमुख आव्हान आहे.

हे सुद्धा पहा

वसई-विरार शहर महानगरपालिका
फ्रान्सिस दिब्रिटो
विवेक पंडित
नायगाव रेल्वे स्थानक