हवा किती भरू, मॅडम?

पेट्रोल पंपावरच्या पोऱ्याने हे विचारलं की आपण काय म्हणतो? ‘बघ तूच!’ मग तो चारही चाकांत ३५ मारतो, आपण दहाची नोट देऊन सुटतो. मीही तेच करायचे. मग मित्राच्या हॅचबॅकमधून कोइम्बतूरला ट्रॅक डे केला आणि तेव्हापासून माझ्या पर्समध्ये लिपस्टिकशेजारी प्रेशर गेज असतं. हसा खुशाल!

आधी रोजचा रस्ता. ड्रायव्हरचं दार उघडलं की आत खांबावर स्टिकर दिसतो. त्यावरचा आकडा (या गाडीत ३२ पीएसआय) थंड टायरचा, म्हणजे गाडी तीनेक तास उभी असतानाचा. चालून टायर तापला की दाब वाढणारच, कंपनीने ते धरलेलंच असतं. त्यामुळे ‘एक्स्प्रेस वेला जाताय? हवा जरा कमी ठेवा’ असं सांगणाऱ्या काकांना लांबूनच नमस्कार. हवा कमी असली की टायरची बाजू जास्त वाकते, वाकून वाकून तापते आणि फाटते.

ट्रॅकवर मात्र गणित उलटं. करी मोटर स्पीडवे जेमतेम २.१ किलोमीटरचा, २००३ साली सुरू झालेला, रेसर एस. करिवर्धन यांच्या नावाचा. सरळ रस्ता संपायच्या आत ब्रेक, लगेच वळण, पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर. पाच लॅप मारून पिटमध्ये आलो तर पुढच्या टायरमधले ३२ चे ४० झालेले! फुगलेला टायर मधोमधच टेकत होता. स्टिअरिंग वळवलं तरी गाडी आपली सरळ घसरतेय.

तिथल्या इन्स्ट्रक्टरने टायरच्या कडेवर खडूच्या रेघा ओढल्या. रेघ तशीच राहिली तर हवा जास्त, टायरच्या बाजूपर्यंत पुसली गेली तर कमी. इथे थंड आकडा विसरायचा, गरम टायरचा पकडायचा. हवा सोडत सोडत पुढे ३६ वर आलो, रेघ बरोब्बर कडेपर्यंत पुसली गेली आणि गाडी अशी वळायला लागली की मित्र हेल्मेटमध्येच ओरडला. मागचे टायर फारसे तापलेच नव्हते, त्यांना हात लावला नाही.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी सकाळी. हॉटेलच्या पार्किंगमध्ये मोजलं, पुढच्या टायरमध्ये २८! पुण्यापर्यंत हजारावर किलोमीटर, चार माणसं, भरलेली डिकी.

“अगं, काल मस्त चालत होती की. राहू दे.”

“पंपावर हवा भरल्याशिवाय मी बसणार नाही.”

भरली एकदाची. मागे तर स्टिकरवरच्या फुल लोडच्या आकड्याएवढी. स्वारी बंगळूरपर्यंत माझ्याशी बोलली नाही. धारवाडच्या अलीकडे रस्त्याकडेला कुणाच्या तरी टायरची चिरफाळलेली सालं पडलेली दिसली, तेव्हा हळूच म्हणाला, “पुढच्या पंपावर परत मोजूया का?”

“आता नको,” मी म्हटलं, “टायर गरम आहेत.”