फक्त फुल्लवर चालणारा ब्लोअर

एप्रिल उजाडला की जुनी मारुती ८०० किंवा झेन घेऊन माणसं एसीवाल्याकडे जातात आणि बहुतेकांचं म्हणणं एकच असतं, "गॅस संपलाय, भरून द्या." चांगला कारागीर गॅसच्या सिलिंडरला हात लावण्याआधी विचारतो, वारा येत नाही की गार वारा येत नाही? दोन्ही तक्रारी घामच काढतात, पण त्यांची मुळं गाडीत दोन वेगळ्या ठिकाणी असतात. वारा देणं हे ब्लोअरचं काम, आणि गॅस कितीही भरला तरी बंद पडलेला ब्लोअर फिरत नाही. कित्येक गाड्यांमध्ये विनाकारण गॅस भरला जातो, म्हणून या दुर्लक्षित यंत्राची नीट ओळख करून घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

मारुती ८०० मध्ये ब्लोअर डॅशबोर्डच्या डाव्या बाजूला, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. १२ व्होल्टची डीसी मोटर आणि तिच्या दांड्यावर उभ्या पात्यांचा गोल पंखा, एवढाच त्याचा संसार. पंखा मधून हवा ओढतो, कडेने फेकतो आणि कूलिंग कॉइलमधून पुढे ढकलतो. मोटरच्या पोटात आर्मेचर, आर्मेचरच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचं कम्युटेटर, त्यावर स्प्रिंगने दाबून धरलेले कार्बन, आणि दांडा ज्यात फिरतो ते दोन बुश. यातले कार्बन आणि बुश झिजणारच, तेच त्यांचं काम आहे.

मोटारीतल्या एसीच्या इतिहासात या पंख्याला एकेकाळी फार मोठा मान होता. अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने १९३९ मध्ये, १९४० च्या मॉडेलसाठी, एसी बसवून द्यायला सुरुवात केली. गार हवा तयार करणारं यंत्र मागच्या डिकीत होतं आणि कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. कॉम्प्रेसर खरोखर बंद करायचा तर इंजिन थांबवून, बॉनेट उघडून पट्टा काढावा लागे. चालकाच्या हातात होतं ते फक्त पंख्याचं बटण. म्हणजे त्या गाडीत गारव्यावर जो काही ताबा होता, तो ब्लोअरकडूनच.

आता आपल्या जुन्या गाडीकडे येऊ. सर्वांत नेहमीचा बिघाड असा : पहिल्या, दुसऱ्या नंबरवर काहीच नाही, शेवटच्या नंबरवर मात्र पंखा घों करून सुरू होतो. हे लक्षण दिसलं की वायरमन मोटरकडे आधी बघत नाही, रेझिस्टरकडे बघतो. या गाड्यांमध्ये वेग कमी करण्याची तऱ्हा सरळ आहे. मोटरच्या वाटेत तारेची वेटोळी घालायची आणि काही व्होल्ट तिथेच उष्णतेच्या रूपात खर्चायचे. फुल्लवर वीज ही वेटोळी टाळून थेट मोटरला जाते, म्हणून रेझिस्टर जळला तरी फुल्ल चालतं. ही वेटोळी इतकी तापतात की ती मुद्दाम ब्लोअरच्याच वाऱ्यात बसवलेली असतात. वारा अडला की ती जळतात, किंवा सोबतचा थर्मल फ्यूज उडतो.

नवा रेझिस्टर बसवणं हे दोन स्क्रूंचं काम. पण जळालेला भाग हा बहुतेक वेळा गुन्हेगार नसतो, तो बळी असतो. मोटर फिरत असताना ती स्वतः एक उलटा दाब तयार करते आणि त्यामुळे प्रवाह आटोक्यात राहतो. बुश कोरडा पडला, दांडा जड झाला, वेग घटला, की तो उलटा दाब कमी होतो आणि मोटर जास्त अँपिअर ओढू लागते. तो जादा प्रवाह स्विच, वायरी जोडणारा कपलर आणि रेझिस्टर अशा सगळ्यांतून जातो. त्यातला जो कच्चा, तो आधी जळतो. जड मोटर तशीच ठेवून रेझिस्टर बदलला, तर पुढच्या उन्हाळ्यात तीच गाडी तीच तक्रार घेऊन परत येते.

कपलर काढून नीट बघावा. पांढऱ्या प्लास्टिकचा एक कोपरा तपकिरी झालेला, आतली पितळी पिन काळवंडलेली, वायरचं आवरण पिनपाशी कडक होऊन तडकलेलं. तिथे काय घडलंय त्याचा हिशेब करता येतो. समजा मोटर १४ अँपिअर ओढते आहे आणि सैल, गंजलेल्या पिनेत ०.२ ओहमचा अडथळा आहे. मग २.८ व्होल्ट तिथेच गळतात आणि ३९ वॅट उष्णता त्या बोटाच्या पेराएवढ्या प्लास्टिकमध्ये तयार होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याचं २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न शिसं वितळवतं, हे लक्षात घेतलं की कपलर का वितळला हे वेगळं सांगायला नको. अशा वेळी पॉलिश पेपरने पिन घासून भागत नाही. कपलर आणि त्यामागची दोन-तीन इंच वायर कापून नवी घालावी लागते.

मोजमापात मात्र एक फसवी जागा आहे. मोटरचा कपलर काढून मल्टिमीटर लावला की तो ऐटीत १२ व्होल्ट दाखवतो आणि माणूस म्हणतो, सप्लाय तर आहे, मोटरच गेली. मीटर जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही, त्यामुळे एका धाग्यावर तग धरलेली वायरही त्याला धडधाकट दिसते. मोटर जोडलेली आणि स्विच फुल्लवर असतानाच व्होल्ट मोजायला हवेत. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ च्या आसपास असावेत. मोटरवर १० मिळाले, तर उरलेले चार वाटेत कुठेतरी अडकलेत. मग मीटरची एक काडी बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी मोटरच्या अर्थिंगच्या वायरला. इथे अर्धा-एक व्होल्ट दिसला तरी बॉडीला मारलेला अर्थचा स्क्रू गंजलाय असं समजावं. मुंबई-कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत वावरलेल्या गाडीत ही तपासणी मी तरी सगळ्यात आधी करीन. पत्रा चकचकीत होईपर्यंत घासून स्क्रू पुन्हा आवळला की कित्येकदा पंखा पहिल्यासारखा फिरतो.

सप्लाय आणि अर्थ दोन्ही चोख असूनही मोटर गप्प असेल, तर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने तिला हलकेच ठोकून बघतात. ठोकल्यावर फिरली तर कार्बन संपलेत. मोटर बाहेर काढल्यावर पंखा हाताने फिरवावा, दांडा वरखाली हलवून बघावा. कम्युटेटर नुसतं काळं असेल तर साफ होतं, खोल चरे पडले असतील तर नवी मोटर बरी. जुन्या गाड्यांना केबिन फिल्टर नसतो, त्यामुळे झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीच्या ब्लोअरमध्ये सुकी पानं, धूळ, कधी उंदराने आणलेल्या चिंध्या सापडतात. एवढा कचरा निघाला तरी वाऱ्यात फरक पडतो.

वारा हळूहळू कमी होत जातो आणि एसी थोडा वेळ बंद ठेवला की परत येतो, असं असेल तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय. मंद ब्लोअर हे त्याचं एक कारण, थर्मोस्टॅट हे दुसरं. आणि हायवेला गार, सिग्नलला गरम, अशी तक्रार असेल तर ब्लोअर निर्दोष आहे. तिथे पुढचा, कंडेन्सरचा पंखा बघायचा. त्याचा रिले बदलून पाहणं हे पहिलं काम, मग मोटरला थेट १२ व्होल्ट.

एका उपायाला मात्र माझा ठाम विरोध आहे. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठ्या अँपिअरचा फ्यूज घालणं, किंवा बॅटरीपासून वेगळी वायर ओढून ब्लोअर डायरेक्ट करणं. पंखा त्या दिवशी फिरतो, पण जादा प्रवाहाला अडवणारं काही राहत नाही आणि डॅशबोर्डमागची वायर पेटू शकते.

मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, तरी पुण्याच्या नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर तिच्या ब्लोअरसाठी हिंडण्यात अर्थ आहे. जुनी मोटर घेताना दुकानातच बॅटरीला लावून अँपिअर मोजून घ्यावेत. पंखा कोणत्या दिशेने फिरतो तेही पाहावं, कारण वायरी उलट जोडल्या तर तो फिरतो, आवाजही करतो, पण वारा जेमतेम येतो. गाडीत बसवल्यावर वीसेक मिनिटं फुल्लवर चालू ठेवून कपलरला बोट लावावं. कोमट असेल तर ठीक. बोट टिकत नसेल, तर ग्लोव्ह बॉक्स अजून बसवू नये.