वास ओळखीचा

लोणच्याची बरणी कितीही घासा, जुना वास थोडा राहतोच. म्हणून आपण तिला हिंगाची धुरी देतो आणि मगच नवं लोणचं भरतो. मैत्रिणींनो, व्हिस्कीवालेही जवळपास हेच करतात म्हटलं तर दचकू नका! लेक-जावई नोकरीसाठी तैवानला असतात. त्यांच्याकडे गेले तेव्हा यिलानमधली कावालान डिस्टिलरी पाहिली.

ही डिस्टिलरी किंग कार कंपनीची. डब्यातल्या ‘मिस्टर ब्राऊन’ कॉफीमुळे ती कंपनी तिथे सगळ्यांना माहीत. २००६ मध्ये इथे पहिली धार निघाली आणि २०१५ मध्ये त्यांची ‘सोलिस्ट विन्हो बारिक’ वर्ल्ड व्हिस्कीज अवॉर्ड्समध्ये जगातली सर्वोत्तम सिंगल माल्ट ठरली.

ही व्हिस्की मुरते वाइनच्या जुन्या ओक पिंपांत. लाल वाइनची पिंपं, तशी पांढरीचीही. रिकाम्या पिंपाला आंबूस वास येतो, म्हणून आतलं लाकूड तासायचं, शेकायचं आणि मग जाळून काळं करायचं. ही रीत जिम स्वान या स्कॉटिश रसायनतज्ज्ञांची. आंबूसपणा जातो, खोल मुरलेली वाइन राहते आणि लाकडातल्या साखरेला करपलेल्या गुळासारखा वास सुटतो. मुरताना काही व्हिस्की हवेत उडून जाते, तिला म्हणतात देवदूतांचा वाटा. स्कॉटलंडमध्ये तो वर्षाला साधारण २ टक्के, यिलानच्या उकाड्यात कितीतरी पट जास्त. (देवदूतही बघा, गरम हवेतले बरे!) पण तिथे मुरतेही लवकर.

सोलिस्टमध्ये बाटली भरताना पाणी घालत नाहीत. त्यामुळे अल्कोहोल ५० ते ६० टक्के. आपल्याकडच्या नेहमीच्या व्हिस्कीत ते ४२.८ असतं.

तिथे पैसे भरून चव घेता येते. जावई म्हणाले, “आई, नाक एकदम आत घालू नका. तोंड थोडं उघडं ठेवून लांबूनच वास घ्या. आणि गिळायलाच पाहिजे असं नाही, थुंकलं तरी चालतं.” पारखणारे दिवसाला कितीतरी नमुने हुंगतात, ते सगळे पीत बसले तर कसं होणार!

मी ग्लास जवळ आणला आणि पहिल्यांदा आला तो आमच्या आळीचा वास. एक काका रात्री पिऊन यायचे. ते दारात पोचायच्या आधी वास यायचा आणि काकू दोन्ही मुलांना घेऊन आमच्या माजघरात येऊन बसायच्या. आम्ही दिवा बारीक करायचो. इतकी वर्षं दारूचा वास म्हणजे माझ्यासाठी तो बारीक केलेला दिवा. ग्लास खाली ठेवला. जावयांना काही बोलले नाही, पण लेकीला कळलं असावं. तिने ग्लासात पाण्याचे चार थेंब घातले आणि म्हणाली, “आई, थांब थोडी. झणका बसू दे.”

दहा मिनिटांनी पुन्हा नाक नेलं. आता मनुका, थोडी व्हॅनिला आणि चक्क आंबापोळी! जिभेवर थेंबभर घेतलं तर मिऱ्यासारखा जाळ झाला, मग कडू चॉकलेट. मी थुंकलं. नाकाला मात्र कंटाळा येईना. स्कॉटलंडच्या ड्युअर्स व्हिस्कीची मास्टर ब्लेंडर २००६ पासून एक बाई आहे, स्टेफनी मॅक्लाउड, हे जावयांनी तेव्हाच सांगितलं. फोडणी करपायच्या आत नाकाने ओळखणाऱ्या आपण, मला त्यात काही नवल वाटलं नाही.

परत आल्यावर भिशीत हे सांगितलं तर आधी सगळ्या गप्प. मग एक जण म्हणाली, “म्हणजे आता दुकानाचं मतदान आलं तर उभी बाटली की आडवी?”

“आडवीच,” म्हटलं. “काकूंच्या दारातल्या बाटलीला कुठे आंबापोळीचा वास होता?”

त्यावर दुसरीने विचारलं, ती पिंपं रिकामी झाल्यावर पुढे काय करतात? पुन्हा भरतात म्हणे.