टपावर सामान बांधताय? मग एवढे कराच!

सुट्टी असो, बदली असो की मुलांचे होस्टेल, डिकीत न मावलेले सामान गाडीच्या टपावर चढते. दोरी आवळली की आपण निश्चिंत होतो. पण आपल्या मागून येणाऱ्याचा जीव त्या दोरीच्या भरवशावर असतो, हे किती जणांच्या लक्षात येते?

जून महिन्यातली गोष्ट. आमच्या शेजारची मुलगी शिकायला कोल्हापूरला निघाली होती. सगळे कुटुंब तिला पोहोचवायला स्वतःच्या गाडीने जाणार होते. कपड्यांच्या बॅगा, पुस्तके, बादली, लाडू-चिवड्याचे डबे यांनी डिकी भरली. राहिली ती गादी.

‘‘अहो, टेम्पो सांगायचा का?’’ वहिनींनी विचारले.

‘‘एका गादीसाठी टेम्पो कशाला? टपावर टाकू. कॅरियर आहे ना आपल्याला!’’

घरात सुतळी होती. गादीवरून दोन वेढे मारले, गाठी मारल्या, हलवून पाहिले. गादी जागची हलली नाही. ‘‘झालं! आता कोल्हापुरात जाऊनच सोडायची,’’ असे म्हणत मंडळी निघाली.

पुण्यातल्या गर्दीत काही झाले नाही. मात्र शिरवळच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला, वेग ऐंशीवर गेला आणि टपावर फडफड सुरू झाली. ‘‘पुढे चहाला थांबू तेव्हा बघू,’’ असे काका म्हणेपर्यंत गादीचे पुढचे टोक उचलले गेले, सुतळी तुटली आणि गादी मागे रस्त्यावर जाऊन पडली. मागून मोटारसायकलवर एक जोडपे येत होते. त्याने ब्रेक दाबला, गाडी घसरली. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट होते म्हणून निभावले, पण त्या बाईंचे मनगट मोडले. मागे ट्रक असता, तर काय झाले असते याचा विचारही नको वाटतो.

तो दिवस होस्टेलऐवजी इस्पितळात आणि पोलीस ठाण्यात गेला. काका आजही म्हणतात, ‘‘टेम्पोचे पैसे वाचवायला गेलो आणि दुसऱ्याचा हात मोडला.’’

यात काकांनी निष्काळजीपणे गाडी चालवली, असे म्हणता येणार नाही. त्यांनी सामान बांधलेही होते. पण उभ्या गाडीवर हलत नाही ते धावत्या गाडीवरही हलणार नाही, असे त्यांनी गृहीत धरले. चूक झाली ती इथेच.

वारा काय करतो?

गाडीचा वेग दुप्पट झाला की सामानावर येणारा वाऱ्याचा जोर दुप्पट नव्हे, तर चौपट होतो. एक ढोबळ हिशोब पाहा. सहा फूट बाय तीन फुटांची गादी वाऱ्यासमोर उभी धरली, तर ताशी ४० किलोमीटर वेगाला तिच्यावर साधारण १२-१३ किलोंचा जोर येतो. ताशी ८० ला तोच जोर सुमारे ५० किलोंवर जातो. टपावर आडवी ठेवलेली गादी सुरुवातीला वारा अंगावर घेत नाही. पण तिचे पुढचे टोक चार बोटे जरी उचलले गेले, तरी वारा खाली शिरतो आणि गादी पतंगासारखी वर उठू पाहते. त्यात समोरून एखादा मोठा ट्रक भरधाव गेला की आणखी एक धक्का बसतो.

दुसरा धोका ब्रेकचा. जोरात ब्रेक दाबल्यावर गाडी थांबते, पण टपावरचे सामान त्याच वेगाने पुढे जाऊ पाहते. ४० किलोंच्या सामानाला अशा वेळी सुमारे ३० किलोंच्या जोराने पुढे ओढल्यासारखे होते. म्हणजे सामान फक्त खाली दाबून बांधणे पुरेसे नाही. ते पुढे आणि मागेही सरकता कामा नये.

कयाकवाल्यांकडून शिका

ही गोष्ट उत्तम जमते ती कयाक नेणाऱ्यांना. कयाक म्हणजे एक-दोन माणसांनी दोन्हीकडे पाते असलेल्या वल्ह्याने वल्हवायची निमुळती, हलकी नाव. ऋषिकेशला गेलेल्यांनी शिवपुरीच्या रस्त्यावर जीपच्या टपावरून जाणारे रबरी तराफे आणि रंगीबेरंगी कयाक पाहिले असतील. आपल्याकडे कोलाडला कुंडलिका नदीवरही हे दृश्य दिसते. एका माणसाची प्लॅस्टिकची कयाक साधारण तीन मीटर लांब आणि २०-२५ किलो वजनाची असते. वजनाला ती हलकी, पण पुढे-मागे टपाच्या बाहेर डोकावणारी. त्यामुळे वारा तिला सहज वळवू शकतो. म्हणूनच ती बांधण्याची एक ठरलेली रीत आहे.

कयाक पालथी किंवा कुशीवर ठेवतात. सरळ ठेवली आणि पाऊस आला, तर तिच्या पोकळीत पाणी साठून वजन कितीतरी वाढते. कॅरियरचे दोन आडवे दांडे एकमेकांपासून जमेल तितके लांब ठेवतात. प्रत्येक दांड्यापाशी एक रुंद पट्टा कयाकवरून घेऊन दांड्याच्या खालून फिरवून आवळतात. हे झाले पोटाचे दोन बंध. त्यानंतर नाकाला एक दोरी बांधून ती गाडीच्या पुढच्या बाजूला, आणि शेपटीला एक बांधून मागच्या बाजूला घेतात. पोटाचे बंध कयाकला उडू देत नाहीत. नाकाचा आणि शेपटीचा बंध तिला पुढे-मागे सरकू देत नाही आणि फिरूही देत नाही. शिवाय एखादा पट्टा सुटलाच, तरी कयाक रस्त्यावर पडत नाही.

पुढची-मागची दोरी बंपरला बांधायची नाही. आजकालचे बंपर प्लॅस्टिकचे असतात. गाडी ओढून नेण्यासाठी जो हूक दिलेला असतो, त्याला ती बांधावी. बऱ्याच नव्या गाड्यांत हा हूक हत्यारांच्या पिशवीत असतो आणि बंपरवरचे छोटे झाकण काढून आट्यावर फिरवून बसवावा लागतो. या दोऱ्या ताठ हव्यात, पण नाव वाकेल इतक्या आवळू नयेत. तसेच दोरीचे उरलेले टोक लोंबकळत ठेवू नये. ते चाकाखाली सापडले, तर सगळे सामान ओढले जाईल.

पट्ट्यांच्या बाबतीतही कयाकवाले दक्ष असतात. खटक्याने आवळत जाणारा, ट्रकवर वापरतात तसा पट्टा ते शक्यतो टाळतात. त्याने इतका जोर लागतो की प्लॅस्टिकची नाव दबून तिचा आकार बिघडतो, आणि उन्हात तापून मऊ झालेली असेल तर लवकरच. हाताने ओढून बकलमध्ये अडकवायचा साधा पट्टा त्यांना पुरतो. धावत्या गाडीवर पट्टा गुणगुणायला लागला, तर त्याला मध्ये एक पीळ देतात. आवाज थांबतो.

घरच्या सामानाला हीच रीत

तुमच्या घरी कयाक नसेल, पण शिडी, सायकल, गादी, खाट यांपैकी काहीतरी कधी ना कधी टपावर जातेच. दोन बंध आडवे, एक पुढे, एक मागे, हा नियम या सगळ्यांना लागू पडतो.

* गादी : गुंडाळी करता येत असेल तर करावी. नाहीतर आधी सगळ्या बाजूंनी ताडपत्रीत घट्ट गुंडाळावी. पुढच्या कडेपासून वीतभर अंतरावर एक आडवा बंध हवाच, कारण गादी उचलली जाते ती तिथूनच. आडव्या बंधांशिवाय एक बंध लांबीतूनही घ्यावा.

* सायकल : बंध चाकाला नव्हे, सांगाड्याला बांधावा. चाक फिरते, त्याबरोबर बंध ढिला होतो. पंप, पाण्याची बाटली, टोपली आधी काढून गाडीत ठेवावी.

* शिडी आणि पाइप : पाइप आधी एकमेकांना दोन-तीन ठिकाणी बांधून मोळी करावी. शिडीला बंध नुसता वरून न घेता पायरीतून ओवून घ्यावा, म्हणजे ती सरकत नाही.

* बॅगा : जड बॅगा खाली आणि टपाच्या मध्यभागी, हलक्या वर. सगळ्यांवर ताडपत्री आणि तिच्यावरून जाळी. ताडपत्रीचे एकही टोक मोकळे राहता कामा नये.

दोरी कोणती?

सुतळी या कामाची नव्हे. काथ्याची किंवा सुताची दोरी भिजली की आखडते आणि वाळली की ढिली पडते. नायलॉनची दोरी मजबूत असते, पण ताणली जाते आणि भिजली की आणखी सैल होते. म्हणून पावसाळ्यात ती वारंवार तपासावी लागते. दोन्ही टोकांना हूक असलेली रबरी दोरी ताडपत्री दाबायला ठीक, पण सामानाचा भार तिच्यावर सोडू नये. ती ताणली जाते, आणि हूक निसटला तर डोळ्याला इजा होऊ शकते. सर्वांत चांगला तो बकलचा रुंद पट्टा. गाड्यांचे सुटे सामान विकणाऱ्या दुकानात तो मिळतो.

दोरीच वापरायची असेल, तर ट्रकवाले ताडपत्री आवळताना मारतात ती गाठ शिकून घ्या. दोरीतच एक फास करून, टोक हुकाखालून घेऊन त्या फासातून ओढतात. कप्पीसारखे काम होते आणि थोड्या जोरात दोरी ताठ होते. एखाद्या टेम्पोवाल्याला विचारलेत, तर तो दोन मिनिटांत आनंदाने शिकवेल.

जिथे दोरी लोखंडी कडेवरून जाते, तिथे खाली जुन्या कापडाची घडी ठेवा. घासून घासून दोरी तिथेच तुटते.

टपाला किती भार सोसवतो?

गाडीबरोबर मिळालेले माहितीपुस्तक आपण क्वचितच उघडतो. टपावर किती वजन चालेल ते त्यात दिलेले असते. बऱ्याच मोटारींसाठी ही मर्यादा ५० ते ७५ किलोंच्या घरात असते आणि कॅरियरचे वजनही त्यातच धरायचे असते. लोखंडी कॅरियरच दहा-पंधरा किलोंचे असू शकते. म्हणजे सामानासाठी उरतात किती, ते बघा.

आणखी एक गोष्ट. आजकाल अनेक गाड्यांच्या टपावर दोन्ही बाजूंना चकचकीत दांड्या दिसतात. त्या सगळ्याच भार घेणाऱ्या नसतात. बऱ्याच गाड्यांवर त्या निव्वळ शोभेच्या असतात. माहितीपुस्तकात तसे लिहिले असेल, तर त्यांना काहीही बांधू नका. आणि कॅरियरच नसेल, तर खिडक्यांतून दोरी घेऊन टपावर सामान बांधण्याच्या फंदात पडू नये. दरवाजे उघडत नाहीत, पाऊस दोरीवरून आत झिरपतो आणि अपघात झाला तर माणसे आत अडकतात.

गाडी चालवताना

टपावर वजन चढले की गाडी वरच्या बाजूने जड होते. वळणावर ती जास्त झुकते आणि थांबायलाही जास्त अंतर घेते. घाटात हे फार जाणवते. म्हणून वेग कमी ठेवा, पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवा, ब्रेक हळू दाबा.

निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून एकदा सगळे बंध तपासा. सामान बसते, दोरी ताणली जाते आणि पहिली ढिलाई इथेच दिसते. पुढे प्रत्येक थांब्यावर हात लावून पाहा. फडफड किंवा खडखड ऐकू आली, तर ‘चहाला थांबू तेव्हा बघू’ असे म्हणू नका. जागा पाहून कडेला लगेच थांबा. गाडीची सामानासकट उंची मोजून एका कागदावर लिहून समोर चिकटवा. मॉलच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये किंवा घरच्याच पोर्चमध्ये शिरताना ती उपयोगी पडेल. मागचे दार उघडण्यापूर्वीही वर बघायला विसरू नका.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने एक तरतूद आली. सामान गाडीच्या बाजूंना, पुढे, मागे किंवा उंचीत परवानगीपेक्षा जास्त बाहेर आले, तर २० हजार रुपये दंड आणि शिवाय ते उतरवण्याचा खर्च. म्हणून लांब वस्तूंचा विचार निघण्यापूर्वीच करा. मागे डोकावणाऱ्या टोकाला लाल फडके बांधण्याची जुनी पद्धत चांगली आहे, पण त्यामुळे दंड माफ होत नाही. सामान फारच लांब असेल, तर सरळ टेम्पो सांगावा.

गाडी भाड्याची असेल तर?

सिमला-मनाली असो की गंगटोक, सहलीत सामान टपावर चढवतो तो ड्रायव्हर. त्याला सवय असते, हे खरे. तरीही निघण्यापूर्वी पुढे-मागे बंध आहेत का, हे स्वतः पाहा. ‘‘दादा, पुढून एक दोरी घ्याल का?’’ एवढे विचारण्यात संकोच कसला? औषधे, दागिने, कागदपत्रे आणि गरम कपडे मात्र टपावर देऊ नका.

आमच्या शेजाऱ्यांची मुलगी दिवाळीच्या सुट्टीहून परत निघाली, तेव्हा टपावर तिची सायकल होती. काकांनी बकलचे पट्टे आणले होते. दोन आडवे, एक पुढे, एक मागे. सगळे झाल्यावर ते गाडीच्या मागे जाऊन काही क्षण उभे राहिले. वहिनींनी विचारले, ‘‘आता काय बघताय?’’

‘‘मागून येणाऱ्याला कसं दिसतं, ते बघतोय,’’ काका म्हणाले.

तुमच्या गाडीच्या टपावर पुढच्या वेळी सामान चढेल, तेव्हा तुम्हीही मागे जाऊन एकदा असे उभे राहा.