खोडरबर घेऊन खेळलेला मारिओ!

ए, जरा इकडे ये. कान जवळ आण. एक गंमत सांगायची आहे!

समज, तुझ्यासमोर गणिताचा पेपर आहे. वेळ हवा तेवढा. खोडरबर कधीच न झिजणारं. चुकलं? खोड. पुन्हा चुकलं? पुन्हा खोड! कुणी ओरडणार नाही. अट एकच. शेवटी जो पेपर देशील, त्याहून चांगला पेपर कुणालाच लिहिता येऊ नये.

सोपं वाटलं ना? थांब थांब! असे पेपर तपासणारेही आहेत, आणि ते भलतेच कडक आहेत.

जगात काही माणसं जुने व्हिडिओ गेम अगदी असेच खेळतात. खोडरबर घेऊन! या प्रकाराला म्हणतात ‘टूल-असिस्टेड स्पीडरन’. टूल म्हणजे हत्यारं, स्पीडरन म्हणजे गेम झटपट संपवणं. हत्यारांच्या मदतीने खेळलेली वेगवान खेळी! लाडाचं नाव ‘टास’.

घरात तुझ्या बाबांना, मावशीला नाहीतर मामाला विचार. त्यांच्या लहानपणी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम असायचा. त्यात कॅसेट खोचायची. चालली नाही तर काढून फुंकर मारायची! त्या कॅसेटमधला सगळ्यांचा लाडका कोण? मिशीवाला मारिओ!

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा गेम जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८५ मध्ये काढला. त्यात ८ जगं, प्रत्येक जगात ४ टप्पे आणि शेवटी राजकन्येची सुटका. एवढा सगळा पसारा मावला कितीत, ओळख? फक्त ४० किलोबाइटमध्ये! मोबाइलवर काढलेला तुझा एक फोटोसुद्धा याच्या कितीतरी पट जड असतो.

हा गेम संपवायला किती वेळ लागायचा? मामा म्हणेल, “अख्खी मे महिन्याची सुट्टी गेली रे बाबा!” आणि खोडरबरवाल्यांना? मधली जगं ओलांडून नेणारे चोरदरवाजे वापरले, तर पाच मिनिटांहूनही कमी!

कसं काय बुवा?

वहीच्या कोपऱ्यात पानापानावर चित्रं काढून ती पानं फर्रकन सोडली आहेस ना कधी? चित्रातला माणूस पळायला लागतो! गेमही तसाच पळतो. त्या जुन्या यंत्रात एका सेकंदात सुमारे ६० पानं फर्रकन सुटतात. एकेका पानाला म्हणायचं फ्रेम.

आपल्या डोळ्यांना ती पानं वेगवेगळी दिसतच नाहीत. पण टास करणारा गेम थांबवतो आणि एकेक पान सावकाश उलटतो. प्रत्येक पानावर ठरवतो, आता कोणतं बटण दाबू? उजवीकडे? उडी? की काहीच नको? त्या यंत्राच्या रिमोटवर बटणं ८. पाच मिनिटांच्या खेळीत पानं होतात १८,०००! म्हणजे ‘काय दाबू?’ हा प्रश्न १८,००० वेळा!

आणि चुकलं तर? मागच्या पानावर जायचं आणि तिथून पुन्हा खेळायचं. हेच ते खोडरबर!

हे सगळं संगणकावर चालतं. जुन्या यंत्राची नक्कल करणारा एक प्रोग्रॅम असतो, त्याला म्हणतात एम्युलेटर. मागे जाणं, पान थांबवणं, सगळं तोच करू देतो. शिवाय खोडरबर किती वेळा फिरलं, तेही तो मोजून ठेवतो!

२००३ मध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’चा एक व्हिडिओ जगभर फिरला. जपानमधल्या एका खेळाडूने तो अवघड गेम साधारण ११ मिनिटांत संपवला होता! मारिओ कुठे अडखळत नाही, कुठे धडपडत नाही. काही टप्प्यांत पडदा आपल्याच चालीने सरकतो, तिथे घाई करून उपयोगच नसतो. तर हा पठ्ठ्या तिथे शत्रूंच्या डोक्यांवर टुणटुण उड्या मारत जादा जीव गोळा करत बसला! लोक थक्क. “काय बोटं आहेत या माणसाची!”

मग कळलं, ही बोटांची कमाल नव्हतीच. खोडरबर ४० हजारांहून जास्त वेळा फिरलं होतं. दोन वर्षं लागली होती! काही लोक चिडले, “ही तर फसवणूक!”

मला विचारशील तर ती फसवणूक नव्हती. ११ मिनिटांसाठी दोन वर्षं बसणाऱ्याला मी लबाड कसं म्हणू? पण लोकांचं चिडणंही बरोबर होतं. धावण्याच्या शर्यतीत एकजण सायकलवर आला, तर आधी सांगायला नको का? म्हणून आता नियमच आहे. टास असेल तर तसं ठळक लिहायचं. हातांनी खेळणाऱ्यांची शर्यत वेगळी, टासची वेगळी.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फिनलंडमधल्या एका प्रोग्रॅमरने अशा खेळींचा संग्रह सुरू केला. आज त्याचं नाव आहे ‘टासव्हिडिओज’. तिथे खेळी पाठवली की ती परीक्षकाकडे जाते.

आता खरी मजा! परीक्षकाकडे काय पाठवायचं, ओळख बघू. व्हिडिओ? चूक!

पाठवायची फक्त बटणांची यादी. पहिल्या पानावर काही नाही, दुसऱ्यावर काही नाही, अमुक पानावर उजवीकडे, तमुक पानावर उडी... कवायतीच्या सरांच्या हुकमांसारखी लांबलचक यादी! परीक्षक ती आपल्या संगणकात घालतो. एम्युलेटर एकेक हुकूम वाचतो आणि मारिओ पुन्हा पहिल्यापासून पळू लागतो. तस्साच! एका उडीचाही फरक नाही.

व्हिडिओत कापाकापी करता येते. यादीत कुठली करणार? गणिताच्या बाई नुसतं उत्तर बघत नाहीत, रीतही बघतात. इथे तर फक्त रीतच पाठवायची, उत्तर बाईच काढून बघणार!

“पण गेममध्ये नशीब असतं की!” असं तुझ्या मनात आलं ना? हातोडे फेकणारी ती कासवं कधी इकडे उडी मारतात, कधी तिकडे. मग दर वेळी तसंच कसं होईल?

तर ऐक. सापशिडीचा फासा खरा. आपण तो हलवतो, तो पडतो, काय पडेल ते कुणालाच ठाऊक नसतं. पण या जुन्या गेमच्या पोटात फासाच नसतो! तिथे असतो एक हिशेब. तीच बटणं त्याच पानांवर दाबली, की हिशेब तोच आणि उत्तरही तेच. आणि बटण एखादं पान उशिरा दाबलं, तर? पुढचं दान बदलू शकतं! म्हणून टासवाले नशिबाची वाट बघत बसत नाहीत. हवं ते दान पडेपर्यंत खोडतात!

यादी नीट चालली, की परीक्षक खोदून खोदून विचारतो. आधीच्या सगळ्यांपेक्षा ही खेळी वेगवान आहे का? माहीत असलेली एखादी युक्ती वापरायची राहिली का? कुठे एखादं पान वाया गेलं का? आणि हो, परीक्षकाने स्वतः खेळी पाठवली, तर ती दुसऱ्याने तपासायची. आपला पेपर आपण तपासतो का कधी?

एक पेच मात्र मोठा गमतीचा आहे. आई पुऱ्या तळताना आठव. तू पाटावर जरा लवकर ये, नाहीतर जरा उशिरा. पुरी मिळणार ती पुढचा घाणा निघाल्यावरच! ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये अगदी तसंच होतं. टप्पा संपला की पुढे जायचं की नाही, हे गेम दर २१ पानांनी एकदाच बघतो. मारिओ ४ पानं आधी पोचला, पण घाणा तोच राहिला, तर फायदा शून्य!

मग वाट बघताना त्याने एक उगाचची उडी मारली, तर ती चूक म्हणायची का? नाही! वेळ गेलाच नाही, बघणाऱ्याला मात्र हसू आलं. पण हे कळायला परीक्षकाला गेमचं पोट आतून ठाऊक हवं. मला हे काम फार आवडतं. कुठली उडी आळसाची आणि कुठली गमतीची, हे ओळखायचं!

म्हणजे नुसता वेग पुरत नाही बरं! बघणारेही ० ते १० गुण देतात. बरीच वर्षं हे गुण दोन वेगळ्या रकान्यांत असायचे, एक कारागिरीचा आणि एक मजेचा. एखादी खेळी कारागिरीत पहिली आणि मजेत अगदीच ढ असू शकते. एकाच दिशेला नुसतं चालत राहायचं, असा गेम कितीही वेगात संपवला तरी जांभया येणारच ना!

आणखी एक परीक्षा असते. एम्युलेटर शेवटी नक्कलच. खऱ्या यंत्रावर खेळी चालेल का? त्यासाठी ‘टासबॉट’ नावाचा छोटा यंत्रमानव आहे. तो रिमोटच्या जागी बसतो आणि यादीतले हुकूम थेट खऱ्या यंत्राला देतो. जानेवारी २०१४ मध्ये, लोक बघत असताना, त्याने ‘सुपर मारिओ वर्ल्ड’मध्ये अशी काही बटणं दाबली, की यंत्र त्यांनाच नवा प्रोग्रॅम समजलं. आणि पडद्यावर मारिओच्या जागी आला सापाचा गेम! हो, मारिओच्या कॅसेटमध्ये साप!

तरी माझी सगळ्यात लाडकी खेळी यातली नाहीच. ती आहे ‘ब्रेन एज’ची. हा गणितं घालणारा गेम. छोट्या पडद्यावर पेनने उत्तराचा आकडा लिहायचा. एका टासवाल्याने काय केलं असेल? आकडे लिहिलेच नाहीत. चित्रं काढली! आणि प्रत्येक चित्र गेमला बरोबर उत्तर वाटलं! यंत्राला चित्र कुठे दिसतं? ते रेघांवरून आकड्याचा अंदाज बांधतं. कोणती रेघ कशी ओढली की यंत्र फसतं, हे त्याने शोधून काढलं होतं.

गणिताच्या वहीत चित्रं काढायची आणि तरी पैकीच्या पैकी मार्क! मजेच्या रकान्यात माझ्याकडून १० पैकी १०. मोठ्यांना सोबत घेऊन ती खेळी एकदा बघ, आणि तुझे किती, ते मला कळव!